अर्धा किलोमीटर लांबीचं गाणं

लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांत आवराआवर निघाली की माळ्यावरून कधी कधी एक जड पेटी खाली येते. आत रेकॉर्डी. ज्यांनी हौसेनं जमवल्या ते आता नाहीत, प्लेअर कधीचा बंद, मुलं पुण्याला, आणि भंगारवाला दारात उभा. कुठे द्यायच्या या रेकॉर्डी?

थांबा. आधी त्यातली एक एल.पी. काढा आणि उजेडात तिरपी धरा. शेकडो रेषा दिसतायत ना? त्या शेकडो नाहीतच! एका बाजूला सहसा एकच खाच असते, काठापासून मध्यापर्यंत गोल गोल फिरत गेलेली. जरा हिशेब करू. एल.पी. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. बावीस मिनिटांच्या बाजूचे झाले सातशेहून जास्त फेरे. बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. सरासरी पासष्ट सेंटीमीटर धरा. सगळी खाच सरळ केली, तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. बारा इंचांत अर्धा किलोमीटर गाणं!

आणि ही खाच केवढी? रुंदीला मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी तिच्यात दोन आवाज मावतात. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडीच्या चाकानं पडलेली चाकोरी आठवा: खोल, दोन्ही बाजूंना उतरत्या भिंती. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेत डाव्या स्पीकरचा आवाज एका भिंतीवर कोरलेला असतो, उजव्याचा दुसऱ्या. सुई एकच, पण दोन्ही भिंती एकाच वेळी वाचते. ही कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ साली पेटंटमध्ये मांडली. अशा रेकॉर्डी बाजारात यायला १९५८ उजाडलं.

आता पेटीच्या तळाशी हात घाला. तिथे काही रेकॉर्डी जाड, जड आणि ठिसूळ लागतील. या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. या कशाच्या केल्यात, माहीत आहे? किड्याच्या राळेच्या! पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा चिकटून बसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळ सोडतो. पळस आणि बोर तर आपल्या बांधावरचीच झाडं. ती राळ, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र मळून, तापवून दाबली की झाली रेकॉर्ड.

तिचा प्रवासही ऐका. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि गायिका गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतलं. कलकत्त्याला कारखाना निघेपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, आपली गाणी जर्मनीतल्या हानोव्हरला जाऊन छापली जात. म्हणजे इथली लाख बोटीनं युरोपात जायची आणि इथल्याच गायिकेचा आवाज अंगावर घेऊन परत यायची. वाजवायला वीजही लागत नसे. हातानं चावी भरायची, पोलादी पिन खाचेत ठेवायची. पिन थरथरली की पडदा थरथरायचा आणि कर्ण्यातून गाणं बाहेर. गावात दिवे येण्याआधी गाणं येऊ शकत होतं, ते असं.

मग या रेकॉर्डी जपायच्या कशाला? सगळं तर मोबाइलवर आहे!

नाही, सगळं नाही. १९३५ पासून वीसेक वर्षं मुंबईत वडाळ्याला ‘यंग इंडिया’ या नावानं रेकॉर्डी निघत. मोठे गायक दुसऱ्या कंपन्यांशी करारानं बांधलेले, म्हणून इथे नवख्यांना, हौशींना संधी मिळाली. कंपनी बंद पडली आणि ही गाणी पुढे कॅसेटवर, सीडीवर आलीच नाहीत. ती उरली कुठे? लोकांच्या कपाटांत! १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या सुरेश चांदवणकरांनी संग्राहकांकडच्या या तबकड्या शोधल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’मधून त्या डिजिटल झाल्या. कपाटं सांभाळणारी माणसं नसती, तर एका आख्ख्या पिढीचे आवाज गेले असते.

म्हणूनच नवं घर शोधताना पहिली गोष्ट, संग्रह फोडू नका. रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर पुष्कळदा दुकानदाराचा शिक्का असतो, म्हणजे ती कुठून घेतली तेही कळतं. नांदेडच्या एखाद्या पेटीत नाट्यगीतं, उर्दू कव्वाली आणि गुरबाणी शेजारी शेजारी निघाली, तर निजामी राजवटीतून महाराष्ट्रात आलेलं हे शहर काय ऐकत होतं, त्याचा तो पुरावाच. सुट्या रेकॉर्डी विकल्या की गाणी कदाचित उरतील, हा पुरावा मात्र जाईल.

दुसरी गोष्ट, यादी करा: गायक, गाणं, कंपनी, क्रमांक. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात, तेही उतरवा. ध्वनिमुद्रण कोणतं, हे जाणकार त्यावरून ओळखतात. रेकॉर्डी उभ्या ठेवा. प्लास्टिकची एल.पी. मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली वाकडी होते. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं कधीच पुसू नका, लाख त्यात विरघळते!

मग यादी घेऊन विचारा. चित्रपटगीतं असतील तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, शास्त्रीय आणि लोकसंगीतासाठी गुरुग्रामचं ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ आहे. किंवा गावातलाच एखादा रसिक, जो रेकॉर्डी वाजवेल, नोंदी ठेवेल आणि पुढच्याच्या हाती सोपवेल.

आणि एखादी फुटलेली निघाली तर? तीही टाकू नका! अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर या भौतिकशास्त्रज्ञानं सुई न लावता खाचेचे सूक्ष्म फोटो घेऊन त्यातून आवाज काढण्याची रीत बसवली. १८६० साली पॅरिसमध्ये काजळी लावलेल्या कागदावर एका गाण्याची नुसती रेघ उमटवली होती, ती वाजवण्याची सोयच तेव्हा नव्हती. २००८ मध्ये याच प्रयोगशाळेच्या मदतीनं ती रेघ गायली! ही रीत फुटक्या तबकड्यांचे तुकडे जुळवूनही आवाज काढते. तेव्हा तुकडे पाकिटात भरा, वर नाव लिहा आणि तेही संग्रहासोबत द्या.