जुन्या मोटारीच्या पोटांतील सांखळी

सायकलची सांखळी निसटली तर ती स्वाराला तत्काळ समजते; परंतु मोटारीच्या एंजिनांत जी सांखळी फिरत असते ती झांकणाआड असल्यामुळें तिचें अस्तित्वहि पुष्कळांस ठाऊक नसतें. मंचरजवळ राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांपाशीं त्यांच्या वडिलांनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. आंतील सांखळी वाजूं लागली म्हणून त्यांनीं एका दुकानांतून स्वस्त सांखळी आणविली आणि जुन्याच दांतेरी चाकांवर चढविली. थोड्याच महिन्यांनीं घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जातांना चढणीवर गाडीनें दम सोडला. झांकण काढून पाहतात तों सांखळी एक दांता ओलांडून गेलेली! त्या प्रसंगानंतर या विषयाची जी माहिती आम्हीं मिळविली ती विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

एंजिनाच्या तळाशीं क्रँकशाफ्ट नांवाचा दंड असतो. दट्टे वरखालीं होतात तसा तो फिरतो. झडपांची उघडझांप करणारा दुसरा दंड तो कॅमशाफ्ट. चार टप्प्यांच्या एंजिनांत पहिल्याचे दोन फेरे होतात तोंवर दुसऱ्याचा एकच व्हावा लागतो. म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दांते असतात. समजा, क्रँकच्या चाकाला २० व कॅमच्या चाकाला ४० दांते आहेत. सांखळी एकच दांता सरकली तर क्रँकच्या हिशेबानें १८ अंशांची चूक झाली! झडप अवेळीं उघडते, एंजिनाची शक्ति जाते, आणि कित्येक एंजिनांत तर दट्ट्या उघड्या झडपेवर आदळून ती वांकवितो.

रूळ बसविलेली ही सांखळी हॅन्स रेनॉल्ड यांनीं १८८० सालीं मँचेस्टर येथें शोधून काढली. इंग्लंडांत १९४५ ते १९४९ या काळांत निघालेली १२५० घनसेंटिमीटरची एम. जी. टी. सी. ही स्पोर्ट्स मोटार, १९४८ सालीं प्रकट झालेली जग्वार एक्स. के. १२० आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० च्या धर्तीवर बनलेली आपली पद्मिनी, या तिघींच्याहि पोटांत सांखळीच आहे. जग्वारच्या एंजिनांत कॅमशाफ्ट दोन असून ते माथ्यावर असल्यामुळें तेथें खालची व वरची अशा दोन सांखळ्यांची योजना केलेली आहे. या गाड्यांचें उत्पादन केव्हांच थांबलें. पद्मिनी तर २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतूनहि निवृत्त झाली. म्हणून त्यांचें एंजिन एकदां बिघडलें कीं तसेंच दुसरें मिळणें कठीण.

सांखळी 'ताणली' असें आपण म्हणतों, पण लोखंड ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांध्यांतील पिन व नळी केसाएवढी झिजते, आणि ती झीज साठत जाते. ओढीच्या बाजूला ९.५२५ मिलिमीटरच्या १५ कड्या धरल्या तर लांबी सुमारें १४३ मिलिमीटर होते. तिच्यांत अर्धा टक्का वाढ झाली कीं क्रँकच्या हिशेबानें झडपा सुमारें सव्वा अंशाहून अधिक उशिरां उघडतात. झीज ओळखण्याची सोपी युक्ति अशी: सांखळी आडवी, कुशीवर धरावी. नवी सांखळी थोडीशीच लवते; झिजलेली धनुष्यासारखी वांकते.

आतां निवड कशी करावी तें पाहूं. जुनीशेजारीं नवी लोंबकळवून लांबी ताडणें पुरेसें नाहीं. जुनी तर झिजून वाढलेली असते! प्रथम पिच, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचें अंतर, मोजावें. पुष्कळ इंग्रजी एंजिनांत तें ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर असतें. परंतु येथेंच फसगत होते. याच पिचच्या ब्रिटिश मापाच्या सांखळींत रुळाचा व्यास ६.३५ व आंतील रुंदी ५.७२ मिलिमीटर असते. अमेरिकन मापांत रूळ नसून नुसती ५.०८ मिलिमीटरची नळी असते व रुंदी ४.७७ भरते. पिच एक, पण दांत्यांशीं जुळणी निराळी. म्हणून तिन्ही मापें घ्यावीं. नंतर सांखळी एकपदरी आहे कीं दुपदरी तें पाहावें, आणि कड्या मोजाव्या. कड्यांची संख्या सम असावी. विषम असल्यास वांकडी जोडकडी घालावी लागते व ती कमकुवत ठरते. रिव्हेट मारून अखंड केलेली सांखळी उत्तम. चापाची जोडकडी वापरणें भागच पडलें तर चापाचें बंद टोंक सांखळीच्या गतीच्या दिशेला ठेवावें.

आमच्या स्नेह्यांची मुख्य चूक मात्र चाकांची होती. झिजलेल्या चाकाचे दांते आंकड्यासारखे होतात. नवी सांखळी त्यांवर नीट बसत नाहीं व लवकर झिजते. यास्तव सांखळी, दोन्ही चाकें व ताण राखणारा भाग हे एकदमच तपासून, जरूर तर एकदमच बदलावे. शेवटीं चाकांवरील खुणा जुळवाव्या, क्रँक हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा, आणि खुणा पुन्हां जुळल्या तरच एंजिन सुरू करावें.

आमच्या स्नेह्यांनीं दुसऱ्या खेपेस असेंच केलें. वांचविलेल्या थोड्या पैशांपायीं वडिलांची आठवण गमावण्याची वेळ आली होती, ती टळली. या उन्हाळ्यांत त्यांची पद्मिनी त्याच चढणीवरून आम्हांस घेऊन गेली, आणि झांकणाआडची ती सांखळी वाटेंत एकदांहि वाजली नाहीं.