सिद्ध न झालेली आणि खोटी तक्रार

तीन समऱ्या
माळशिरस तालुक्यातल्या वेळापूर ठाण्यात लैंगिक अत्याचाराची फिर्याद दाखल झाली आणि तपासाअंती दोषारोपपत्र ठेवण्याजोगे काही हाती आले नाही, तर पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे ‘समरी’ पाठवतात. महाराष्ट्रात तिचे तीन प्रकार आहेत. ‘अ’ म्हणजे गुन्हा घडला, पण छडा लागला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. ‘क’ म्हणजे ती गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. समरी मान्य करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकावे लागते. चावडीवरच्या चर्चेत मात्र तिन्ही समऱ्या, शिवाय खटल्यातली निर्दोष सुटकाही, ‘ब’च्याच खात्यात जमा होतात.

देसाईगंजचा खटला
हा घोटाळा न्यायालयांतही होत आला. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवून त्यांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 साली दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यामागचा विचार. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, या आधारावर ती शिक्षा रद्द केली. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्री, वर्दीपुढे प्रतिकार करायचा तो कसा, हा प्रश्न निकालात उमटलाच नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले.

कायद्यातला बदल
1983 च्या दुरुस्तीने कोठडीतल्या अत्याचारासारख्या ठरावीक प्रकारांत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नसल्याचे न्यायालयात सांगितले, की संमती नव्हती असेच गृहीत धरले जाऊ लागले. पीडितेची ओळख छापणेही गुन्हा ठरले. इतर खटल्यांत शाबितीचा भार अभियोग पक्षावरच राहिला.

पुराव्याची मर्यादा
वैद्यकीय तपासणी संबंधाची खूण दाखवू शकते. संमती होती की नाही, हे ती सांगत नाही. जखमा नसणे हा संमतीचा पुरावा नव्हे. मग उरते साक्ष. पीडितेची विश्वासार्ह साक्ष एकटीही पुरेशी ठरते. पण तिच्यात मूलभूत विसंगती असेल, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. लग्नाच्या वचनाचे खटले याहून अवघड. वचन मुळातच फसवे होते की पुढे मोडले, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केला.

खोटेपणाची सिद्धता
खोट्या तक्रारी होतात. जमिनीच्या भांडणातून, घरच्यांच्या दबावातून. त्यात अडकलेल्या माणसाची नोकरी आणि अब्रू निकालापूर्वीच जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 248 नुसार गंभीर गुन्ह्याच्या खोट्या आरोपाला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र आरोप निराधार असल्याचे ठाऊक असून इजा करण्याच्या हेतूने तो केला, हे तिथेही निःसंशय सिद्ध करावे लागते. फिर्यादी फितूर झाली, तर तेवढ्याने हे सिद्ध होत नाही. गावकीच्या तडजोडीनंतर फिरवलेली जबानी पहिल्या जबानीपेक्षा खरी असतेच असे नाही.