ते 28 सेकंद

19 जून 2013ची सकाळ. बडोद्याच्या घरी मी टीव्हीसमोर उभी होते, हातातला चहा कधीच गार झाला होता. एनबीएच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना चालू होता. माझा आवडता संघ सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत 3-2ने पुढे, सामन्यात 5 गुणांनी पुढे आणि उरले होते फक्त 28 सेकंद. विजेत्यांच्या समारंभासाठी मैदानाच्या कडेला पिवळी दोरीही आणून झाली होती. मायामीचे काही प्रेक्षक तर उठून घरी निघाले होते.

मग मायामीच्या लेब्रॉन जेम्सने तीन गुण मिळवले. स्पर्सच्या क्वाय लेनर्डची दोनपैकी एक फ्री थ्रो हुकली. आणि 5.2 सेकंद उरले असताना रे अ‍ॅलनने कोपऱ्यातून तीन गुणांचा बास्केट करून बरोबरी साधली. जादा वेळेत मायामी 103-100ने जिंकले. सातवा सामनाही त्यांचाच.

"हरले का गं तुझे?" आजीने विचारलं. मी टीव्ही बंद केला.

त्याच महिन्यात प्रवेश परीक्षेत माझाही नंबर तीन गुणांनी गेला होता. ती प्रश्नपत्रिका मी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिली होती.

पुढच्या हंगामाच्या सराव शिबिरात प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी खेळाडूंना सुरुवातीलाच त्या हरलेल्या सामन्याचं चित्रण दाखवलं. हे वाचलं आणि त्या रात्री मी प्रश्नपत्रिका बाहेर काढली. अवघड म्हणून सोडलेली गणितं थोडीच होती. बरेच गुण घाईत गेले होते.

स्पर्सने तो हंगाम वाटून खेळला. सामना 48 मिनिटांचा, पण संघातला एकही खेळाडू सरासरी 30 मिनिटंसुद्धा मैदानात नव्हता. अर्जेंटिनाचा जिनोबिली, फ्रान्सचे पार्कर आणि दियाव, ऑस्ट्रेलियाचा पॅटी मिल्स, इटलीचा बेलिनेली: जो मोकळा दिसेल त्याला चेंडू द्यायचा. साखळीत 82पैकी 62 सामने जिंकले. तरी बाद फेरीत पहिल्याच मालिकेत डॅलसने त्यांना सातव्या सामन्यापर्यंत ताणलं.

अंतिम फेरीत पुन्हा मायामीच समोर. या वेळी शेवटच्या सेकंदांची वेळच आली नाही. स्पर्सने मालिका 4-1ने जिंकली आणि ते चारही विजय किमान 15 गुणांच्या फरकाने होते. 38 वर्षांच्या टिम डंकनचं हे पाचवं विजेतेपद. पहिलं 1999 सालचं. मालिकेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो 22 वर्षांचा लेनर्ड, ज्याची ती एक फ्री थ्रो हुकली होती.

माझा निकाल दुसऱ्या वर्षीही अगदी मनासारखा लागला नाही. हवी ती शाखा मिळाली नाही. पण आधीच्या चुका या वेळी नव्हत्या, आणि ते मला ठाऊक होतं, कारण ती प्रश्नपत्रिकाही मी त्याच संध्याकाळी उघडून बसले होते.