डॉल्फिन दिसताच ‘बोट जवळ घ्या’ का म्हणू नये?

दापोलीजवळच्या कर्द्याला किंवा मालवणच्या तारकर्लीला सकाळी डॉल्फिन पाहायला बोटी निघतात. इथले हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात, म्हणून छोट्या फेरीतही दिसतात.

अडचण कुठे?
डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. नेमकं तेव्हाच बोटींनी घेरलं, तर विश्रांती आणि शिकार सोडून त्याला पळावं लागतं. तो प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. इंजिनाच्या आवाजात तेही अवघड होतं.

कायदा काय सांगतो?
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनला संरक्षण आहे.

पर्यटकांनी काय करावं?
‘दिसले नाहीत तर पैसे देणार नाही’ हा हट्ट सोडा. त्यामुळेच बोटवाला पाठलाग करतो. वेग कमी करून लांबच थांबायला सांगा.