जुन्या पुस्तकांचा पारखी

बीड शहरांतील पाटांगण आमच्या जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु मराठी भाषेच्या अभ्यासकांस तें परिचित झालें तें एका पोथीमुळें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांस ज्ञानेश्वरीची एक अतिशय जुनी प्रत तेथें मिळाली व तिच्या आधारें त्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र पुढें अभ्यासकांच्या हातीं राहिली नाहीं. छापलें तेवढेंच उरलें.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण घरगुती आहे. गेल्या वर्षीं आमच्या वाड्याचें माळवद उतरवून स्लॅब टाकण्याचें ठरलें. आम्ही त्या वेळीं परगांवीं मुलीकडे होतों. अडगळीच्या खोलींतील दोन लांकडी पेट्या बाहेर निघाल्या आणि घरच्या मंडळींनीं त्यांतील कागद रद्दीवाल्यास दिला. चाळीस वर्षें आम्हीं परक्यांच्या मुलांस पुस्तकांना कव्हरें घालावयास शिकविलें. घरांत मात्र पेटींत काय आहे हें कधीं सांगितलें नाहीं, तेव्हां बोल कोणास लावावा?

पेट्यांत वडिलांचीं उर्दू क्रमिक पुस्तकें होतीं. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंतून चाले. शिवाय आजोबांचे काव्यमालेचे तीन गुच्छक होते. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची ही माला १८८६ पासून निघूं लागली. तिच्यांतील सुबक देवनागरी टाइपावर आमचे डोळे लहानपणापासून पोसले आहेत. रद्दीच्या तराजूंत मात्र काव्यमाला आणि कालचें वर्तमानपत्र यांचा भाव एकच.

पुण्यास अप्पा बळवंत चौकाच्या बाजूस जुनीं पुस्तकें विकणाऱ्या एका गृहस्थांकडे आम्ही नोकरींत असतांना दर सुटींत जात असूं. पुस्तक हातीं आलें कीं ते प्रथम शेवटचें पान पाहात, मग पहिलें. कारण हींच दोन आधीं गळतात. नंतर सन, आवृत्ति, नकाशे. कसर लागली आहे काय, हें पान उजेडासमोर धरून पाहात. किंमत कोपऱ्यांत शिसपेन्सिलीनें लिहीत, शाईनें कधींच नाहीं. पूर्वीच्या मालकाची सही खोडूं देत नसत. एकदां ते म्हणाले, “गुरुजी, लोक आम्हांस बोलावण्याआधीं जाड, बांधीव पुस्तकें वेगळीं काढतात आणि फाटकीं चोपडीं रद्दींत घालतात. जाड पुस्तकें दहा घरीं असतात हो! आम्हांस हवीं असतात तीं चोपडींच.” नाटकाचीं पदें, शाळेचे अहवाल, व्याख्यानांचे कागद हे जपून ठेवावे असें कोणास वाटत नाहीं, म्हणूनच ते दुर्मिळ होतात. हें आमच्या ध्यानांत तेव्हां आलें.

अशीं दुकानेंही आतां विरळ होत आहेत. मुंबईस काळबादेवीला १९०५ सालीं निघालेलें न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप शंभरांहून अधिक वर्षें चालून बंद झालें.

गांवीं परतल्यावर आम्ही रद्दीवाल्याकडे गेलों. भला माणूस, त्यानें गठ्ठे उलथेपालथे करूं दिले. एक गुच्छक सांपडला, तोही शेवटचीं चार पानें नसलेला. आंत आजोबांच्या अक्षरांत खरेदीची तिथि होती. त्यानें वजनाप्रमाणें पैसे सांगितले. आम्हीं थोडे अधिक दिले, तर त्यानें ते परत केले.

पुण्याच्या त्या गृहस्थांस पत्र लिहिलें. ते आतां थकले आहेत, दुकान पुतण्या पाहतो. उत्तर आलें कीं सुटीं पानेंही ते टाकून देत नाहींत. कोणत्या पृष्ठापासून तुटलें आहे तेवढें कळवावें. तो आंकडा आम्हीं परवांच कळविला आहे.