माळवदाचा भार

१९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, किल्लारी परिसरात सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप होऊन हजारो माणसे झोपेतच घरांखाली गाडली गेली. त्या माळवदी घरांच्या भिंतींत दगडांचे दोन स्वतंत्र थर, मध्ये कपच्या व माती, आणि माथ्यावर उन्हाचा दाह अडविणारा मातीचा जड भार. भूमी आडवी हलताच ते थर फुगून विलग होतात आणि माळवद कोसळते. उपाय इतका साधा की मन विषण्ण व्हावे : भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड ठरावीक अंतरावर बसवावेत, दारांच्या माथ्यावर सर्व भिंतींना जखडणारा सलोह काँक्रीटचा अखंड पट्टा घालावा, माळवदावरील माती उतरवावी.

सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाने कित्येक गावे नव्या जागी वसविली. परंतु लाखांवर घरांची दुरुस्ती मालकांनीच करावयाची होती, आणि तेथे महिला मंडळांतील स्त्रिया संवाद-साहाय्यक म्हणून नेमल्या गेल्या. पुनर्वसनाचा खरा आरंभ मी येथे मानतो. कारण गिलाव्यापूर्वी जोडदगड बसला की नाही, हे पाहणे कचेरीतल्या अंमलदारास दुष्कर, पण त्याच घरात नांदणाऱ्या बाईस सहज शक्य होते.