सेडानमधला आराम ठरतो टायरच्या भिंतीवर

शोरूममध्ये सेडान पाहायला आलेले कुटुंब आधी सीटवर बसून बघते, मागे पाय किती पसरता येतात ते पाहते, डिकी उघडते आणि शेवटी चाकांकडे वळते. खालच्या श्रेणीच्या मॉडेलला पंधरा इंची चाके, वरच्या मॉडेलला सोळा इंची अ‍ॅलॉय व्हील. मोठी चाके देखणी दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी खुशीने जादा पैसे मोजले जातात. गाडी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मात्र मागच्या सीटवरून वडीलधाऱ्यांची कुरकुर सुरू होते. जुनी गाडी लहान होती, पण तिच्यात असे हादरे बसत नव्हते. या तक्रारीचे मूळ पुष्कळदा टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्यांत असते, आणि ते आकडे विकत घेण्यापूर्वी फारसे कोणी वाचत नाही.

‘१८५/६५ आर १५’ या आकड्यांचा अर्थ अवघड नाही. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे १२० मिलिमीटर उंचीची, हवेने भरलेली भिंत उरते. त्याऐवजी ‘१९५/५५ आर १६’ टायर आला की ही भिंत १०७ मिलिमीटरवर येते. हौसेने बाहेरून ‘२०५/४५ आर १७’ बसवून घेतले तर जेमतेम ९२. चाकाचा एकूण व्यास तिन्ही वेळा जवळपास तेवढाच राहतो, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही आणि काही बदलले आहे असे वाटतही नाही. प्रत्यक्षात पहिल्या आणि तिसऱ्या टायरमध्ये हवेच्या गादीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेलेला असतो.

ही गादी किती मोलाची आहे हे मोटारींच्याही आधी कळले होते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर तयार केला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. भरीव रबराच्या चाकांवरून जाताना बसणारे धक्के त्यांना कमी करायचे होते. आजही टायरचे काम तेच आहे. बारीक खडी, मॅनहोलच्या झाकणाची कड, डांबराची ठिगळे असे छोटे पण टोकदार धक्के टायरने गिळायचे असतात. ते इतक्या झटपट येतात, की वजनदार चाक, ब्रेक आणि त्यांच्या जोडण्या हलवून सस्पेन्शनला त्यांना पूर्ण उत्तर देता येत नाही. मोठे रिम बहुधा वजनदारही असते, त्यामुळे भिंत कमी होते आणि चाकाचे ओझे वाढते.

सस्पेन्शनचा खरा प्रांत मोठे चढउतार. येथे ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हे नाव थोडे फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण एकदा दबलेली स्प्रिंग उसळी घेतच राहते, तिला आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीतली ऊर्जा उष्णतेत संपते. आरामदायी गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर साधारणपणे सेकंदाला एक ते दीड वेळा डोलेल असा बसवलेला असतो. माणसाच्या चालण्याची लय याच्या आसपासच असल्याने शरीराला तो डोल खुपत नाही. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर मात्र पाठीला आणि पोटाला सर्वाधिक जाणवते. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे ठेवण्याची पद्धत आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात, म्हणजे नेमके त्या नकोशा पट्ट्यात. रस्ता गुळगुळीत दिसत असूनही लांबच्या प्रवासात अंग आंबते, त्याचे एक कारण हे असू शकते.

मग स्प्रिंग आणखी मऊ का करत नाहीत? अ‍ॅम्बॅसेडरमधून फिरलेल्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. मागे कमानी पाट्यांचे सस्पेन्शन, उंच भिंतीचे टायर आणि वळणावर एका बाजूला कलणारी गाडी. खड्डे तिने झेलले, पण घाटात पोटात ढवळणारेही अनेक होते. आजच्या सेडानला वेगात स्थिर राहायचे असते आणि आपल्याकडच्या गतिरोधकांसाठी जमिनीपासून उंचही राहायचे असते. उंच गाडी वळणावर अधिक कलते, ते टाळायला स्प्रिंगा कडक केल्या जातात आणि त्याची किंमत आराम मोजतो.

मागच्या सीटवरच्या तक्रारीला आणखी एक कारण आहे. परवडणाऱ्या बहुतेक सेडानमध्ये पुढे मॅक्फर्सन स्ट्रट असतात आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ खाणारी एक आडवी तुळई. ती स्वस्त, टिकाऊ आणि डिकीला जागा देणारी असली, तरी डाव्या चाकाच्या खड्ड्याचा काही भाग उजव्या बाजूलाही पोहोचवते. महागड्या गाड्यांत मागची चाके मल्टिलिंक रचनेने स्वतंत्र असतात. त्यातच मागचा प्रवासी जवळजवळ मागच्या चाकांवरच बसतो, पुढचे दोघे त्या मानाने चाकांच्या मध्ये. मोटारीची ट्रायल घेणारा मात्र बहुधा चालकाच्या सीटवरून निर्णय घेतो!

गतिरोधकांचा दोषही गाडीच्या माथी मारला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडता येतो. गल्लीबोळांत हौशीने घातलेले हातभर रुंदीचे उंचवटे कोणतेही सस्पेन्शन सुखाने पार करू शकत नाही. पाच माणसे आणि भरलेली डिकी असेल तर स्प्रिंग आधीच दबलेली असते. तिची चाल संपते आणि ‘धाड’ असा आवाज येतो.

हादरे वाढले की गॅरेजमध्ये पहिला सल्ला शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा मिळतो. त्याआधी हवेचा दाब पाहणे जवळजवळ फुकटात होते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात कमी आणि पूर्ण भारासाठीचे दाब वेगळे दिलेले असतात. पंपावर मात्र ‘पस्तीस टाका’ एवढ्यावर काम भागते. तक्त्यात ३० असताना ३५ भरले, तर टायर दगडासारखा वागतो आणि मधोमध झिजतो. आरामासाठी दाब तक्त्यापेक्षा कमी ठेवणे त्याहून वाईट. भिंत जास्त वाकते, तापते आणि द्रुतगती मार्गावर टायर फुटण्याचा धोका वाढतो. दाब टायर थंड असतानाच मोजायचा.

टायरचे वयही पाहण्यासारखे आहे. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नियमाने ठरवलेल्या १.६ मिलिमीटरपेक्षा खोल असली, तरी वर्षांगणिक रबर कडक होत जाते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर खरोखर गेला असेल तर तेल पाझरते आणि गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती पुनःपुन्हा झुलते. नुसता खडखड आवाज असेल तर रबरी बुश किंवा लिंक रॉड झिजल्याची शक्यता अधिक, आणि ते काम कितीतरी स्वस्तात होते.

कमी भिंतीच्या टायरचा सर्वांत मोठा धोका पावसाळ्यात असतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिरडली जाते आणि आतले धागे तुटतात. नंतर तेथे फुगवटा दिसू लागतो. हवा गळत नसल्याने असा टायर कित्येक दिवस तसाच वापरला जातो. पंक्चरवाल्याकडे त्यावर उपाय नाही, तो त्याच दिवशी काढून टाकावा लागतो.

मोठी चाके घेऊन पस्तावलेल्यांना लहान रिमवर परतता येते. त्यासाठी रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये, टायरचा एकूण व्यास तोच हवा आणि भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही. त्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीला कंपनी कोणते टायर देते हे पाहिले की चौकशी सोपी होते, मात्र दोन्ही श्रेणींचे ब्रेक एकच आहेत याची खात्री करून घ्यावी. खरेदी अजून व्हायची असेल तर ट्रायलच्या वेळी घरातल्या ज्येष्ठांना मागे बसवून गाडी ताशी तीस किलोमीटरने नेहमीच्या खराब रस्त्यावर न्यावी, आणि टायरच्या तीन आकड्यांपैकी मधला आकडा लिहून घ्यावा.